अजून अंगावर पाजतेस? इजिप्तमध्ये तीन वर्षं पाजायच्या!

प्रश्न: ताई, माझी मुलगी सव्वादोन वर्षांची झालीये आणि अजून अंगावर पिते. सासूबाईंपासून शेजारच्या काकूंपर्यंत सगळे म्हणतात आता तोड, एवढ्या मोठ्या मुलीला कोण पाजतं. परवा एका व्हिडिओत बघितलं की प्राचीन इजिप्तमध्ये बायका विटांवर बसून बाळंत व्हायच्या आणि मुलांना वर्षानुवर्षं पाजायच्या. हे खरंय का, की नुसत्या नेटवरच्या गप्पा? (एक वाचक, सांगली)

उत्तर: अगं, दोन्ही खरंय. आधी दुधाचं सांगते, तुझा जीव तिथे अडकलाय. अनी नावाच्या एका लेखनिकाने मुलाला केलेला उपदेश पपायरसवर, म्हणजे तिथल्या लव्हाळ्याच्या जुन्या कागदावर, लिहिलेला सापडलाय, तीन हजार वर्षांहून जुना. त्यात बाप सांगतो की आईने तुला जेवढं दिलं त्याच्या दुप्पट तिला दे, तिने तुझं ओझं वाहिलं, नऊ महिने भरून तू जन्मलास तरी ती तुझ्याशी जखडलेलीच होती, तीन वर्षं तिचा स्तन तुझ्या तोंडात होता, तुझी घाण काढताना तिला कधी किळस आली नाही, आणि तू शाळेत जायला लागलास तेव्हा ती रोज भाकरी आणि बिअर घेऊन तुझ्याकडे लक्ष ठेवायची. मला हे पहिल्यांदा वाचताना भरून आलं होतं, कारण शू-शीचा एवढा स्वच्छ उल्लेख आणि तोही बापाच्या तोंडून, असा जुन्या लिखाणात कुठे भेटतो सांग. बिअर म्हणजे तिथलं रोजचं पेय, तेव्हा दचकू नकोस.

आणि हे नुसतं लिहिण्यापुरतं नव्हतं बरं का. इजिप्तच्या वाळवंटात दाखला नावाचं ओॲसिस, म्हणजे हिरवळीचा पट्टा आहे, तिथे केलिस नावाचं गाव होतं, रोमन काळातलं, म्हणजे अनीच्या बरंच नंतरचं, तिथल्या दफनभूमीतल्या लहान मुलांची हाडं तपासली तेव्हा कळलं की साधारण सहा महिन्यांनी वरचं अन्न सुरू व्हायचं आणि तिसऱ्या वर्षापर्यंत हळूहळू दूध सुटायचं. कारण सरळ आहे, वरचं पाणी आणि दूध जरा खराब असलं की जुलाब लागायचे आणि तान्ह्याला ते झेपायचं नाही, आईचं दूध तेवढं भरवशाचं. राजघराण्यात मात्र दूधआई ठेवायचे आणि तिचा मान मोठा. तुतनखामुन राजाच्या दूधआईचं, माया तिचं नाव, सक्कारा इथल्या जुन्या दफनभूमीत कोरीव थडगं सापडलंय १९९६ मध्ये, त्यात तो तिच्या मांडीवर बसलेला दाखवलाय.

आता विटा. मातीच्या विटांच्या दोन चळती आणि त्यावर बाई उकिडवी बसायची, पुढे एक बाई बाळ झेलायला, मागे एक आधाराला. ‘विटांवर बसणे’ म्हणजेच बाळंत होणे असा त्यांच्या भाषेत वाक्प्रचारच होता. २००१ मध्ये इजिप्तमधल्या अबायडोसला अशी एक रंगवलेली वीट खरोखर मिळाली, साधारण ३७०० वर्षांपूर्वीची, लांबी ३५ सेंटीमीटरच्या आसपास, तिच्यावर आई नुकत्याच झालेल्या मुलाला घेऊन बसलीये आणि दोन बायका तिच्याजवळ आहेत. विटेची देवीसुद्धा होती, मेसखेनेत, बाळाचं नशीब तीच ठरवायची, आपल्या सटवाईसारखी. एका जुन्या कथेत रुद्देदेत नावाच्या बाईला तिळं होतं, तेव्हा देवीच सुइणी होऊन येतात, इसिस पुढे, नेफ्थिस मागे आणि बेडकाच्या रूपातली हेकेत कळा लवकर याव्यात म्हणून, आणि त्यानंतर बाळंतीण चौदा दिवस शुद्धी पाळते. आपली सोयर दहा दिवसांची, म्हणून हे वाचलं की मला तरी परकं वाटत नाही.

एक गोष्ट मात्र व्हिडिओवाले सांगत नाहीत. एवढं करूनही पुष्कळ बाळं जायची. देर अल-मदिना या कारागिरांच्या गावाजवळ तान्ह्यांना टोपलीत, मडक्यात घालून पुरलेलं सापडलंय. म्हणून तर पोटुश्या पाणघोडीच्या रूपातली देवी तावेरेत, बुटका देव बेस, ताईत, गंडे, सगळं पाळण्याभोवती. हसू नये त्याला, आपणही तीट लावतोच की.

बर्लिनच्या संग्रहालयात आई-बाळासाठीच्या मंत्रांचा एक पपायरस आहे, तोंड मागे फिरवून अंधारात चोरपावलांनी येणाऱ्या भुताला त्यातली बाई विचारते, या बाळाचा पापा घ्यायला आलीस? मी घेऊ देणार नाही. त्याला न्यायला आलीस? मी नेऊ देणार नाही. आणि मग सांगते की मी लसूण आणलाय जो तुला त्रास देईल, आणि मध आणलाय, जो माणसांना गोड लागतो पण मेलेल्यांना कडू.

तुझं कधी तोडायचं ते तू आणि तुझे डॉक्टर ठरवा. सासूबाईंना अनीचा तो उतारा वाचून दाखव, आवडेल त्यांना, त्यांनीही कधीतरी पाजलंच असेल ना.