सेट्टन आणि लिक्कियन: द्वित्व एकच, उगम दोन

जुन्या इंग्रजीतल्या सेट्टन (बसवणे) आणि लिक्कियन (चाटणे) या क्रियापदांतली दुहेरी व्यंजनं एकाच कारणाने आली का, की ती नुसती नादासाठी आहेत, असं तुम्ही विचारलंय. माझ्या मते ही दोन वेगळ्या वयाची द्वित्वं आहेत.

सेट्टनचं कोडं तुमच्याच जिभेवर सुटेल. गॉथिक या जर्मन-इंग्रजीच्या कुळातल्या जुन्या भाषेत त्याचं रूप सत्यन्, एकेरी त. आता मराठी 'सत्य' मोठ्याने म्हणा. जीभ त् वर थांबते आणि तोंडातून 'सत्-त्य' येतं. य च्या आधी असं द्वित्व पाणिनीनेही 'अनचि च' या सूत्राने विकल्पाने मान्य केलंय. पश्चिम जर्मानिकमध्ये, म्हणजे इंग्रजी-जर्मन ज्यातून निघाल्या त्या शाखेत, ऱ्हस्व स्वरानंतर ते पक्कं झालं, मग जुन्या इंग्रजीत य गळाला आणि त्त उरला. आजच्या जर्मन झेत्सनमधला (बसवणे) त्स हा त्याच त्त चा वंशज.

लिक्कियनमधला क्क मात्र याहून बराच जुना. धातू आपल्या ओळखीचा आहे: संस्कृत लिह्. च्यवनप्राशासारख्या चाटणाला 'अवलेह' म्हणतात तो यावरूनच. जर्मन भाषाशास्त्रज्ञ फ्रीड्रिख क्लूगे यांनी १८८४ मध्ये मांडलं की धातूच्या शेवटच्या स्पर्श व्यंजनाला (क, ग, त, प यांसारख्या) 'न' चिकटला आणि त्या 'न' च्या पुढच्या स्वरावर आघात असला, की 'न' त्या व्यंजनात विरघळून द्वित्व होतं. अग्नीचा प्राकृतात अग्गि झाला, तसंच. इथे आधी ग्ग झाला आणि ग्रिमच्या नियमाच्या (जर्मानिक भाषांत ग चा क, द चा त असे व्यंजनबदल सांगणाऱ्या) ओघात त्याचा क्क.

हा 'न' आला कुठून? संस्कृतातले क्रीणाति (विकत घेतो), क्रीणन्ति (विकत घेतात) आठवा. एकवचनात 'ना', अनेकवचनात नुसता 'न्'. जर्मानिकच्या पुनर्रचित (लिखित पुराव्याऐवजी तुलनेतून अंदाजलेल्या) रूपांत एकवचन लिक्कोथि, पण अनेकवचन लिगुनन्थि, कारण तिथे न् चा 'उन' झाला आणि द्वित्वाला जागाच राहिली नाही. एकाच क्रियापदात क्क आणि ग शेजारी आले, मग बोलणाऱ्यांनी कधी हा तर कधी तो सगळीकडे पसरवला.

क्लूगेंचा नियम सगळे मानत नाहीत. चाटणे, उड्या मारणे, ओढणे अशा वारंवार होणाऱ्या क्रियांतच द्वित्व जास्त दिसतं, म्हणून ते भावदर्शक, असं म्हणणारा पक्ष मोठा आहे. मला ते पटत नाही. जोर द्यायला द्वित्व आलं असेल, तर मूळ ग चा क का व्हावा, हे त्यातून उलगडत नाही.

पुढचं क्रियापद तपासताना जुनं नॉर्स (स्कँडिनेव्हियातली जुनी भाषा) रूप आधी बघा. क आणि ग सोडले तर य मुळे झालेलं द्वित्व तिथे नसतं: जुनं इंग्रजी बिद्दन (मागणे), पण नॉर्स बिध्या. हॉप्पा (उडी मारणे) या क्रियापदात मात्र नॉर्समध्येही प्प आहे, तेव्हा तिथे 'य' ला बाजूला ठेवून 'न' चा माग काढा.