'गुरुत्वीय लहर' लिहू नका

ठाण्याच्या एका अनुवादकाचा प्रश्न: ध्रुवीय प्रदेशातल्या रडार-निरीक्षणांवरच्या मजकुरात 'ग्रॅव्हिटी वेव्ह' पानोपानी येते. तिथे 'गुरुत्वीय लहर' चालेल का?

नाही. त्या शब्दाची जागा आधीच भरली आहे. 14 सप्टेंबर 2015 रोजी अमेरिकेतल्या लायगो वेधशाळेने टिपल्या त्या गुरुत्वीय लहरी, अवकाश-काळाच्या. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळची नियोजित वेधशाळाही त्यांच्यासाठीच. इंग्रजीत 'ग्रॅव्हिटी' आणि 'ग्रॅव्हिटेशनल' हा फरक खपून जातो. मराठीत तो 'गुरुत्व' आणि 'गुरुत्वीय' यांच्यावर सोपवला, तर पहिल्याच मुद्रितशोधनात पुसला जाईल.

हवेतली लहर वेगळ्याच कुळातली. वारा डोंगरावर चढला की हवेचा एक भाग वर ढकलला जातो. तिथे तो आजूबाजूच्या हवेपेक्षा जड ठरतो, खाली येतो, पण वेगात आपली जागा ओलांडून जातो. आता हलका, म्हणून पुन्हा वर. तलावपाळीला दगड टाकल्यावर उठणारी रुंद वलयं याच जातीची (दोन वलयांतलं अंतर पावणेदोन सेंटिमीटरपेक्षा कमी असलं तर मात्र कारभार पृष्ठताणाचा). हवेला असं खालीवर करणारं बल शाळेत 'प्लावक बल' म्हणून शिकवतात, म्हणून 'प्लावक लहर' म्हणा. 'लाट' नको, ती उष्णतेची झाली आहे.

खरी गोची पुढे आहे. उल्का-रडार 80 ते 100 किलोमीटर उंचीवरचा वारा मोजतं: उल्केची आयनित (विद्युतभारित) शेपूट वाऱ्याबरोबर वाहते आणि परतलेल्या संकेताची वारंवारता त्यानुसार सरकते. वाऱ्याची तासाची सरासरी काढली की दोन तासांपेक्षा कमी आवर्तनकाळाच्या (एक हेलकावा पूर्ण व्हायला लागणाऱ्या वेळाच्या) लहरी हाती लागत नाहीत. उरतात त्या लांब आवर्तनकाळाच्या लहरी, आणि 'टाइड'. तिला नुसतं 'भरती' म्हटलं की ठाणेकराला खाडी आठवणार. खाडीची भरती मुख्यतः चंद्राची, दर 12 तास 25 मिनिटांनी. हवेतली सूर्याच्या उष्णतेची, नेमकी 24 किंवा 12 तासांची. म्हणून 'सौर भरती'.

आता प्लावक लहरीच्या आवर्तनकाळाची वरची मर्यादा अक्षांशावर ठरते: ठाण्याच्या 19 अंशांवर सुमारे 36 तास, नॉर्वेतल्या ट्रॉम्सोला जेमतेम पावणेतेरा. त्या मर्यादेजवळच्या लहरी तिथे भरतीच्या 12 तासांना येऊन चिकटतात आणि एकाच ठिकाणच्या नोंदीवरून दोन्ही वेगळ्या काढणं अवघड होतं. मूळ लेखकाने लहरीचं किंवा भरतीचं नाव घेतलं नसेल, तर अनुवादकाने घेऊ नये; '12 तासांचं आवर्तन' एवढंच लिहावं.