घरच्या गॅरेजात लिफ्टवर ठेवलेली स्पोर्ट्स कार खालच्या गाडीवर पडली, तर विमा मिळतो का?

मिळतो, पण ज्या गाडीचा ‘ओन डॅमेज’ म्हणजे स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा विमा चालू असेल, तिच्यापुरताच. नुसत्या थर्ड पार्टीवर दमडीही मिळणार नाही. दोन्ही गाड्या तुमच्याच, मग तिसरा कोण? पॉलिसीचा पहिला विभाग काढून वाचा: आग, चोरी, पूर, बाह्य कारणाने झालेला अपघात ही यादी तिथेच असते. गाडी उभी असतानाही हे संरक्षण लागू असतं. मात्र वरून हायड्रॉलिक तेल महिनोन्‌महिने ठिबकून बॉनेटचा रंग गेला, तर ती झीज धरतात आणि क्लेम अडतो. लिफ्टचं स्वतःचं नुकसान मोटर विम्यात येत नाही, त्यासाठी लिफ्ट घराच्या विम्यात वेगळी नोंदवावी लागते. गाडी लिफ्टवर असते हे कंपनीला ईमेलने आधीच कळवून ठेवा. तोंडी सांगितलेलं एजंट विसरतो.