नेटच्या दोन लाइनी, एक फायरवॉल: वाचकांचे प्रश्न

‘दुसरी लाइन घेतली, तरी नेट बंदच पडतं’ अशी पत्रं जालन्यापासून धाराशिवपर्यंत सगळीकडून येताहेत. त्यातल्या काहींना उत्तरं देतो. फायरवॉल म्हणजे दोन्ही लाइनी ज्यात येतात आणि कुठली ये-जा होऊ द्यायची ते जो ठरवतो, तो बॉक्स.

शंभर-शंभर एमबीपीएसच्या दोन लाइनी जोडल्या की दोनशेचा स्पीड मिळतो, असं डीलर म्हणतो. खरं का? – जालना

नाही. लोड बॅलन्सिंगमध्ये, म्हणजे दोन लाइनींवर भार वाटताना, कनेक्शनं वाटली जातात. एक फाइल एकाच लाइनवरून उतरते.

दोन्ही लाइनी एकत्र केल्यापासून बँकेच्या साइटवरून मध्येच लॉगआउट होतं. – वाळूज

एकाच लॉगिनमागे दोन आयपी (नेटवरचे पत्ते) दिसले की बँक सेशन तोडते. बँक आणि जीएसटीच्या साइटी एका ठरावीक लाइननेच जातील, ती पडली तरच दुसरीने, असा नियम लावा. स्टिकी कनेक्शनचा (एकदा धरलेली लाइन न सोडण्याचा) पर्यायही असतो, पण हिशेबाच्या कामाला नियमच बरा.

रस्ता खोदताना जेसीबीने फायबर तोडली. दुसरी लाइन चालू असूनही आमच्या क्लासच्या ऑनलाइन टेस्ट अडकल्या. फायरवॉलवर मात्र पहिली लाइन हिरवीच होती! डीलर नवा बॉक्स घ्या म्हणतो. – लातूर

बॉक्स घेऊ नका. दोष सेटिंगचा दिसतो, आणि हाच दोष मला सगळ्यात जास्त छळतो, कारण तो लाइन तुटेपर्यंत कुणाच्या लक्षातच येत नाही.

फायरवॉल एका पत्त्याला सतत पिंग करून (छोटा संदेश पाठवून उत्तर येतं का ते पाहून) लाइन जिवंत आहे का ते ठरवतो. पीएफसेन्ससारख्या फायरवॉलमध्ये काही बदललं नसेल, तर तो पत्ता गेटवेचाच (फायरवॉलच्या पुढच्या पहिल्या उपकरणाचाच) असतो. म्हणजे बहुतेक ठिकाणी तुमच्याच भिंतीवरचा मॉडेम, १९२.१६८.१.१. फायबर चौकात तुटली तरी मॉडेम तुमच्या विजेवर चालू असतो आणि पिंगला उत्तर देत राहतो. म्हणून मॉनिटर आयपी (पिंग करायचा पत्ता) बाहेरचा द्या: एका लाइनला ८.८.८.८, दुसरीला १.१.१.१. दोन्हींना एकच देऊ नका. लाइन पूर्ण बंद पडायची वाट न पाहता पॅकेट लॉसवरही (वाटेत डेटा हरवू लागला तरी) बदल होऊ द्या. लाइन आधी रखडते, मग मरते. डीएनएसही (साइटच्या नावावरून तिचा पत्ता सांगणारी सेवा) तपासा. एका कंपनीचा डीएनएस दुसरीच्या लाइनवरून बऱ्याचदा उत्तर देत नाही. मग लाइन बदलूनही साइट उघडत नाही.

आणि चाचणी घ्या! फायरवॉलमधली केबल उपटून घेतलेली चाचणी खरी नव्हे, तेवढं कुठल्याही फायरवॉलला कळतं. लाइनवाल्याला बोलावून मॉडेममागची फायबर काढायला सांगा. तिच्या टोकात डोकावू नका. मॉडेमवर लाल दिवा लागेल. तिथून दुसऱ्या लाइनवर साइट उघडायला किती वेळ लागतो, ते घड्याळ लावून पाहा. हे टेस्टच्या आदल्या रात्री नको, या आठवड्यातच करा, आणि दोन्ही मॉडेम यूपीएसवर घ्या.

लॅनच्या (कार्यालयातल्या नेटवर्कच्या) नियमात गेटवे ग्रुप (दोन्ही लाइनींचा गट) लावला आणि संभाजीनगरच्या मुख्य कार्यालयाशी जोडणारं व्हीपीएन (नेटवरचा खासगी मार्ग) बंद पडलं. – परभणी

नियम वरून खाली वाचले जातात आणि पहिला जुळणारा लागू होतो. गेटवे नेमलेला नियम राउटिंग टेबलला (कुठलं पॅकेट कुठल्या वाटेने जायचं त्या यादीला) विचारत नाही. तुमचं व्हीपीएनचं पॅकेटही तो सरळ इंटरनेटच्या लाइनवर ढकलतो. त्याच्या वर मुख्य कार्यालयाच्या नेटवर्कसाठी गेटवे न नेमलेला नियम ठेवा. आधी बॅकअप घ्या आणि तिकडच्या माणसाशी बोला. व्हीपीएनला दोन टोकं असतात.

नव्या लाइनवर कॅमेऱ्यांचं पोर्ट फॉरवर्डिंग (बाहेरून आत कॅमेऱ्यापर्यंत पोचायची वाट) चालत नाही. व्हिडिओत पाहून वॅनवर (इंटरनेटच्या बाजूला) एनी-टू-एनी, म्हणजे कुणालाही कुठेही जायची, परवानगी दिली. – नांदेड

ती परवानगी आत्ता, हे वाचतानाच काढा. तिने पोर्ट फॉरवर्डिंग सुरू होत नाहीच, पण फायरवॉलचं स्वतःचं लॉगिन पान जगाला उघडं पडतं. वॅनचा आयपी १००.६४ ते १००.१२७ या पट्ट्यात असेल तर तुम्ही सीजीनॅटमागे आहात: एक सार्वजनिक आयपी अनेक ग्राहकांत वाटलेला, त्यामुळे बाहेरून तुमच्यापर्यंत कुणी पोचतच नाही. कंपनीकडून स्टॅटिक आयपी (फक्त तुमचा, न बदलणारा सार्वजनिक पत्ता) मागा. तो मिळाल्यावरही कॅमेरे व्हीपीएनमागेच ठेवा, आणि परवानगी किती दिवस उघडी होती ते सांगून लॉग (फायरवॉलमधल्या नोंदी) जाणकाराला दाखवा.

दोन्ही लाइनी एकाच केबलवाल्याकडून घेतल्या तर चालेल? – धाराशिव

नाही. बिलं दोन असली तरी खांब बहुधा एकच असतो. वेगळ्या कंपनीची घेतानाही सही करण्याआधी त्यांच्या माणसाला जागेवर बोलवा आणि केबल कुठल्या खांबावरून येणार ते डोळ्यांनी पाहा. तोच खांब निघाला तर सिमवर चालणारा राउटर घ्या.