राहिलेले पाच रुपये मागायचे कसे?

प्रश्न: ताई, मी म्हापशाजवळच्या गिरीहून रोज पणजीला प्रायव्हेट बसने कामाला जाते. कंडक्टर "मोड ना, मागीर दितां" (सुट्टे नाहीत, नंतर देतो) म्हणतो आणि उतरताना विसरतो, पाच रुपयांसाठी गर्दीत मागायची लाज वाटते. परवा तर माझं दहाचं नाणंही चालत नाही म्हणून परत दिलं. काय करू?

उत्तर: अगं, लाज कसली, पैसे तुझे आहेत. आधी नाण्याचं सांगते. दहाचं नाणं चालतंच, 2018 च्या जानेवारीत रिझर्व्ह बँकेने सांगितलंय की त्याचे 14 ही प्रकार चलनात आहेत, रुपयाचं चिन्ह असो नसो. बंद झाले ते चार आणे आणि त्याखालचे, तेही 2011 मध्ये. हे त्याला शांतपणे सांग, त्याला भीती एवढीच असते की पुढचा पॅसेंजर घेणार नाही आणि नाणं आपल्याच गळ्यात पडेल.

आता मोड. म्हापसा-पणजी शटलला, म्हणजे मधे न थांबणाऱ्या थेट बसला, काउंटरवर तिकीट काढूनच चढायचं असतं, मोड तिथेच हातात येते, पण शटल गिरीला थांबत नाही म्हणून तुला प्रायव्हेटच. आणि तिथे बहुतेक वेळा तिकीटच देत नाहीत, एसटीत कसं तिकिटामागे बाकी लिहून देतात, इथे लिहायला कागदच नाही, सगळं त्याच्या डोक्यात, आणि तो बिचारा बोटांत नोटा अडकवून "फुडें वच, फुडें वच" (पुढे जा) करत पन्नास माणसांचा हिशोब ठेवतो. म्हणून पुलाआधीची पर्वरी आली की मागायचे. मांडवीचा पूल लागला की सगळे उठतात, तो दाराशी लटकलेला, मग कोण कोणाला ऐकतंय! काही बसमध्ये क्यूआर असतो, असला तर प्रश्नच मिटला.

पण एक मनापासून सांगते, सकाळी जो तो शंभराची नोट पुढे करतो, तो तरी मोड आणणार कुठून? मी म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात जमलेली नाणी खर्चत नाही, एका छोट्या बटव्यात बससाठी वेगळी ठेवते. एकदा आमच्या कंडक्टरला शंभराची नोट घेऊन दहाची दहा नाणी मोजून दिली, त्याने हसत खिशात टाकली, आणि तेव्हापासून माझी मोड तो मी न मागताच आणून देतो.