न मागता आलेली अ‍ॅप

प्रश्न : निपाणीत घेतलेल्या नव्या अँड्रॉइड फोनमधील खरेदीची व खेळांची काही अ‍ॅप काढताच येत नाहीत. फॅक्टरी रीसेट करून फोन मूळ स्थितीत आणावा का? – एक वाचक, निपाणी

उत्तर : रीसेट मुळीच करू नये, त्याने आपले फोटो पुसले जातील आणि काढलेली अ‍ॅपही परत येऊ शकतील. ‘अनइन्स्टॉल’ दिसेल ती अ‍ॅप काढावीत. उरलेली सिस्टीमच्या, म्हणजे फोन चालवणाऱ्या मूळ सॉफ्टवेअरच्या, विभागात असतात आणि तो विभाग वापरकर्त्याला बदलता येत नसल्याने तेथे फार तर ‘डिसेबल’ एवढाच पर्याय मिळतो. त्याने अ‍ॅप चालायचे थांबते, परंतु मूळ प्रत तशीच राहते. (पैसे आपण मोजायचे आणि जागा त्यांनी अडवायची, हे खटकतेच.) मराठी व कन्नड दोन्ही टंकणाऱ्या आपल्या सीमाभागातील वाचकांनी कीबोर्डचे अ‍ॅप बंद करण्यापूर्वी दुसरे बसवून घ्यावे.