युरोपातल्या बँकेसाठी ओपन बँकिंगचे (खातेदाराच्या संमतीने बाहेरच्या कंपन्यांना खात्याशी जोडू देणारे) एपीआय स्वतः लिहावेत की तयार टूलकिट घ्यावे?

शून्यापासून लिहू नका. पीएसडी२साठी (युरोपीय संघाचा पेमेंटविषयक कायदा) अ‍ॅडॉर्सिस या जर्मन कंपनीचे एक्सएस२ए हे टूलकिट बघा. जावात लिहिलेले, कोड खुला, बर्लिन ग्रुप या युरोपीय बँकिंग गटाच्या एपीआय मानकावर बेतलेले. संमतीची नोंद ठेवणारा भाग वेगळा, बँकेची प्रोफाइल वेगळी. ओटीपीसाठी खातेदाराला बँकेच्या पानावर पाठवायचे की नाही, हे प्रोफाइलच्या यामल फाइलमध्ये (सेटिंग्जची साधी मजकूर फाइल) ठरते. तुम्ही लिहायचा तो फक्त टूलकिटला कोअर बँकिंगशी (बँकेच्या मूळ खाते-प्रणालीशी) जोडणारा एसपीआय कनेक्टर. (‘फक्त’ म्हटले खरे, पण सगळा वेळ तिथेच जातो.)

एक सांभाळा. टीएलएस (जोडणीचे एन्क्रिप्शन) पुढच्या एनजिनएक्स सर्व्हरवरच संपत असेल तर खात्याशी जोडू पाहणाऱ्या बाहेरच्या कंपनीचे क्यूवॅक प्रमाणपत्र (तिची ओळख पटवणारे) विनंतीच्या हेडरमधून आत पोचवावे लागते. बाहेरून आलेला त्याच नावाचा हेडर आधी पुसून टाका, नाहीतर कोणीही दुसऱ्याचे प्रमाणपत्र चिकटवून आत शिरेल.